पत्त्यांची टंचाई, रस्त्यांवरचा विश्वास

२४ फेब्रुवारी २००८ रोजी जगाच्या मोठ्या भागातून यूट्यूब सुमारे दोन तास नाहीसे झाले. सर्व्हर धडधाकट होते, समुद्रातली केबलही शाबूत होती. पाकिस्तानात यूट्यूबवर सरकारी बंदी आली होती आणि ती अमलात आणताना पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या राउटरना एक खोटा रस्ता शिकवला. तो देशाबाहेर निसटला, हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीने न तपासता पुढे पाठवला आणि जगभरच्या राउटरांनी तो खरा मानला. त्यांनी तो का मानला, हे समजून घेण्यासारखे आहे.

इंटरनेटवरचे प्रत्येक पॅकेट स्वतःबरोबर आयपी पत्ता घेऊन निघते. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयपीच्या चौथ्या आवृत्तीत हा पत्ता ३२ बिटांचा ठरला. त्याचा पुढचा भाग नेटवर्क सांगतो, उरलेला त्या नेटवर्कमधले यंत्र. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला, १९७२ साली सुरू झालेला पिनकोड याच विचाराचा: ४११ दिसले की चेन्नईत पत्र पुण्याच्या थैलीत पडते, पेठ कोणती ते तिथे कुणी पाहत नाही. राउटरही पुढचा भाग पाहून पॅकेट शेजारच्या राउटरकडे सोपवतो. शेवटपर्यंतचा मार्ग त्याला ठाऊक नसतो, आणि तसे असण्याची गरजही नाही. इतकी मोठी यंत्रणा मध्यवर्ती नियंत्रणाशिवाय चालते ती यामुळेच, आणि मला ही माणसाच्या बुद्धीची फार मोठी कमाई वाटते.

पत्त्यांचे वाटप मात्र सुरुवातीला ढोबळ होते. १ कोटी ६७ लाखांचा गठ्ठा, ६५,५३६ चा, नाहीतर २५६ चा. मधले माप नाही. दोन हजार संगणकांच्या संस्थेला ६५,५३६ पत्ते मिळत आणि बहुतेक पडून राहत. १९९३ साली ही वर्गवारी मोडली. तिरक्या रेघेनंतरचा आकडा नेटवर्कचे बिट सांगू लागला: /२४ म्हणजे २५६ पत्ते, /२२ म्हणजे १,०२४. एका पत्त्याकडे नेणाऱ्या दोन नोंदी तक्त्यात असतील, तर राउटर अधिक नेमकी नोंद निवडतो.

२००८ च्या त्या दिवशी हाच नियम उलटला. यूट्यूब २०८.६५.१५२.०/२२ जाहीर करत होते. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातलाच तुकडा, २०८.६५.१५३.०/२४, आपला म्हणून जाहीर केला. नेमकेपणात खोटी नोंद वरचढ ठरली. यूट्यूबनेही मग तीच /२४ नोंद जाहीर केली, नंतर तिचे दोन /२५ तुकडे केले आणि वाहतूक परत खेचायला सुरुवात केली.

मोठ्या नेटवर्कांमधली ही जाहिरात बीजीपी नावाचा प्रोटोकॉल करतो. जानेवारी १९८९ मध्ये ऑस्टिनच्या एका बैठकीच्या वेळी कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी त्याचा आराखडा जेवणाच्या नॅपकिनांवर मांडला. तेव्हा शेजारी मोजके आणि ओळखीचे होते, त्यामुळे पुरावा मागण्याची सोय त्यात ठेवली गेली नाही. शिवाय बीजीपी नकाशातले अंतर पाहत नाही, कंपन्यांमधले करारमदार पाळतो. त्यामुळेच, देशातली वाहतूक देशातच अदलाबदल करणारी निक्सी ही संस्था २००३ साली स्थापन होईपर्यंत, भारतातल्या दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधली वाहतूक अनेकदा परदेशातून वळसा घालून येई.

पत्त्यांच्या टंचाईवर आपण तोड काढली. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले. घरातल्या वाय-फायवरची उपकरणे सहसा १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते वापरतात आणि बाहेर एकाच पत्त्याने वावरतात, हा झाला तात्पुरता उपाय. खरा उपाय १२८ बिटांची सहावी आवृत्ती. २०१६ साली जिओचे जाळे याच आवृत्तीसह सुरू झाले आणि भारत तिच्या वापरात जगातल्या आघाडीच्या देशांत जाऊन बसला.

विश्वासाचा प्रश्न मात्र अर्धवटच सुटला आहे. आरपीकेआय पद्धतीत पत्तेधारक डिजिटल सहीने सांगतो की माझे पत्ते अमुक नेटवर्कनेच जाहीर करावेत. मधल्या रस्त्यात कुणी लबाडी केली तर ही सही पुरेशी नाही; पण २००८ सारखी चूक ती अडवू शकते, मात्र इतरांनी ती तपासली तरच. तुमच्या महाविद्यालयाकडे, बँकेकडे किंवा कंपनीकडे स्वतःचे आयपी पत्ते असतील, तर त्यांची सही नोंदवली आहे का, हे तिथल्या नेटवर्क विभागाला जरूर विचारा. नसेल तर नोंदवायला लावा, आणि इंटरनेट पुरवठादार इतरांच्या सह्या तपासतो का, हेही विचारून घ्या.