पाण्याची पारख करणारी स्त्री : एलेन स्वॉलो रिचर्ड्स

आपल्या समाजातील मुलगी बारावी झाली की तिने कोणती शाखा घ्यावी याची चर्चा घरात सुरू होते, आणि बहुधा मुलीपेक्षा मामा-काकाच अधिक बोलतात. इतरांच्या या शब्दाने मुलीचे भले होते की तिची वाट अडते? पर्यावरण अभियांत्रिकीचा पाया ज्यांनी घातला त्यांपैकी एक असलेल्या अमेरिकेतील एलेन स्वॉलो रिचर्ड्स यांच्या जीवनात आम्हांस दोन्ही गोष्टी दिसतात.

त्यांचा जन्म १८४२ सालचा, मॅसॅच्युसेट्स राज्यातील डन्स्टेबल गावचा. आईवडील दोघेही शिक्षक. स्वतः कमावलेल्या पैशांवर त्या १८६८ मध्ये व्हॅसार या स्त्रियांच्या महाविद्यालयात गेल्या. तेथे खगोलशास्त्रज्ञ मारिया मिचेल यांनी त्यांना आकाशाची ओढ लावली. रसायनाचे प्राध्यापक फॅरर यांचे म्हणणे मात्र असे की, शास्त्राने रोजच्या जगण्यातील अडचणी सोडविल्या पाहिजेत. एलेनबाईंनी रसायन निवडले.

बॉस्टनच्या एम.आय.टी. या तंत्रशिक्षण संस्थेने त्यांना प्रवेश दिला, फीही घेतली नाही. हा सन्मान आहे असे त्यांना वाटले. खरे कारण पुढे कळले. कोणी हरकत घेतलीच, तर ‘ही आमची विद्यार्थिनी नव्हे’ असे अध्यक्षांना म्हणता यावे! तरीही १८७३ मध्ये त्या तेथून पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या.

प्राध्यापक निकोल्स यांनी पाणी तपासण्याच्या कामात त्यांना मदतीला घेतले आणि तेथून त्यांची दिशा ठरली. १८७५ मध्ये खाणशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी विवाह झाला. मधुचंद्राला पतीचे विद्यार्थीही बरोबर होते. खाणी पाहावयाच्या होत्या ना! बॉस्टनच्या स्त्रियांच्या एका मंडळाने पैसा उभा केला म्हणून १८७६ मध्ये स्त्रियांची प्रयोगशाळा निघाली. तेथे एलेनबाई बिनपगारी शिकवीत.

१८८७ मध्ये राज्याच्या आरोग्य मंडळाने नद्या, तलाव, विहिरी यांच्या पाण्याची मोठी पाहणी सुरू केली. प्रमुख होते प्राध्यापक ड्राउन. प्रयोगशाळेचा भार एलेनबाईंवर. हजारो नमुने तपासले गेले. त्यातून ‘नॉर्मल क्लोरिन’चा नकाशा तयार झाला. त्याची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. समुद्रावरून येणारे मीठ वारा-पावसाबरोबर जमिनीवर पडते. किनाऱ्याजवळच्या पाण्यात ते जास्त असते, आत जावे तसे कमी होते. म्हणजे प्रत्येक ठिकाणच्या निर्मळ पाण्यात क्लोराइड किती असावे हे ठरलेले आहे. एखाद्या विहिरीत त्याहून अधिक सापडले, तर वस्तीचे सांडपाणी, मलमूत्र त्यात मिसळत असल्याचा संशय घ्यावा. मलमूत्रातही मीठ असतेच. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसले तरी हा आकडा खोटे बोलत नाही. विहिरीच्या पाण्यातील क्लोराइड मोजून तो आकडा नकाशाशी ताडून विहिरीची परीक्षा करण्याची ही सोय त्या काळी फार मोलाची होती.

संस्थेत स्वच्छता अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा पाणी, हवा आणि सांडपाणी यांचे पृथक्करण त्या शिकवू लागल्या. हाताखालून गेलेले तरुण पुढे पाणीपुरवठ्याचे मोठे अभियंते झाले. बाईंना मात्र त्या संस्थेची डॉक्टरेट कधीच मिळाली नाही. स्मिथ महाविद्यालयाने १९१० मध्ये सन्मान्य डॉक्टरेट दिली. आपल्या संस्थेत १८८४ साली मिळालेल्या इन्स्ट्रक्टरच्या हुद्द्यावरच त्या ३० मार्च १९११ रोजी निधन होईपर्यंत राहिल्या.