शिकाऊ हाताला रोज की टक्का?

मोबदल्याचं गणित : भाग सहावा

वेळेचे पैसे वेगळे आणि कामाचे वेगळे, हे अकोट तालुक्यातल्या मजुराला समजावून सांगावं लागत नाही. निंदणाला बाया रोजाने जातात, कापूस वेचायला किलोवर. निंदणात घाई केली तर तणासोबत रोपही उपटून येतं, म्हणून रोज. वेचलेला कापूस संध्याकाळी काट्यावर चढतो, म्हणून किलो. मात्र वजनाच्या नादात हात सुटला की कापसात पत्ती, कवडी येते. मजुरी वजनावर मिळून जाते, भाव मात्र मालकाचा पडतो.

हाच पेच आता डॉग ग्रूमिंगच्या धंद्यात आहे. कुत्र्याची आंघोळ, केस, नखं, कान असं सगळं करून देणारी पार्लरं शहरांत वाढताहेत आणि तिथं शिकायला जाणारी पोरं तालुक्याच्या गावांतलीही असतात. काम मागायला गेलं की मालक विचारतो, "पगार घेतो का टक्क्यावर राहतो?" परदेशात तासाचा दर ठरतो, आपल्याकडे रोज किंवा महिना. तत्त्व एकच, वेळेचे पैसे.

टक्का ऐकायला गोड लागतो. धरून चालू, एका कुत्र्याचे ८०० रुपये आणि ग्रूमरला ४० टक्के, म्हणजे ३२०. हात बसलेला माणूस दिवसाला पाच कुत्री करतो, १६०० कमावतो. शिकाऊ पोराला एकाच कुत्र्याला तीन तास लागतात. दोन झाली तर ६४०, आणि गिऱ्हाईक आलंच नाही तर शून्य. गिऱ्हाईक आणणं त्याच्या हातात नाही, तरी रिकाम्या दिवसाचा तोटा त्याच्याच माथी.

त्याहून मोठा तोटा कामात होतो. टक्का वेगाला पैसे देतो, आणि शिकणाऱ्याला नेमका वेग परवडत नाही. लॅब्रॅडोरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा कोरडा झाला की काम झाल्यासारखं वाटतं, पण खालचा ओला राहिला तर कातडीला त्रास होतो. काळ्या नखातली रक्तवाहिनी बाहेरून दिसत नाही, म्हणून नख कणाकणानं कापायचं. एकदम कापलं की रक्त आलंच. केस कापायच्या मशीनचं पातं चालून चालून तापतं. मध्येच थांबून ते मनगटाला लावून पाहावं लागतं. या प्रत्येक थांबण्याचे टक्क्यात पैसे नाहीत. घाईची किंमत इथं मालकाआधी मुकं जनावर मोजतं.

कायद्यानं ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ च्या कलम १३ नुसार शिकाऊ उमेदवाराला नगावर मोबदला देता येत नाही, उत्पादनावरच्या बोनस योजनेतही ओढता येत नाही. त्याला विद्यावेतनच द्यायचं. हे कलम नोंदणीकृत करार असलेल्यांना लागू आहे, ओळखीनं दुकानात ठेवलेल्या पोराला नाही. पण जो नोकर म्हणून कामाला आहे, त्याच्यासाठी दुसरा आधार आहे. किमान वेतन कायदा, १९४८ च्या कलम १७ प्रमाणे, फक्त वेळेचा किमान दर ठरलेला असेल, तर नगावर काम करणाऱ्यालाही त्याहून कमी देता येत नव्हतं. त्या कायद्याच्या जागी आता लागू असलेल्या वेतन संहिता, २०१९ मध्येही हेच तत्त्व आहे.

मालकाची बाजूही ऐकायला हवी. शिकवायचं त्यानं, बिघडलेलं निस्तरायचं त्यानं, आणि हात बसला की पोरगं शेजारी दुकान थाटतं. म्हणून बरेच जण मधली वाट धरतात : रोज पक्का, टक्का जास्त भरला तर टक्का. यात एकच गोष्ट आधी ठरवून घ्यावी, हिशोब दिवसाचा की आठवड्याचा. रोज ४५० धरा. सहा दिवसांपैकी चार दिवस एकेक कुत्रं, दोन दिवस तीन-तीन. दिवसाच्या हिशोबानं चार दिवसांचे १८०० आणि दोन दिवसांचे १९२०, मिळून ३७२०. आठवड्याच्या हिशोबानं पक्का रोज २७०० आणि दहा कुत्र्यांचा टक्का ३२००, म्हणून हाती ३२००. काम तेच, बोली तीच, फरक ५२० रुपयांचा.

माझ्या मते टक्का माणसाला एकदम लावू नये, कामागणिक लावावा. आंघोळ आणि वाळवणं नीट जमू लागलं की तेवढ्यावर टक्का सुरू करावा. कात्री आणि नखं मात्र हात बसेपर्यंत रोजावरच राहू द्यावीत. पोराची कमाई वाढते, मालकाचा खर्च आवाक्यात राहतो आणि जिथं इजा होऊ शकते तिथं घाईला कारण उरत नाही. ही बोली तोंडी न ठेवता वहीच्या एका पानावर लिहून दोघांनी सही करावी.

पुढच्या आठवड्यात : कात्री, मशीन आणि पाती कुणी घ्यायची, आणि मोडली तर पैसे कुणाच्या पगारातून?