खिशातली संसद

आठवडी बाजारात मेथीची जुडी घेऊन दहाचं नाणं पुढे केलं, तर भाजीवाल्या बाई म्हणाल्या, "हे चालत नाही जी, नोट द्या."

नाणं उलटून पाहिलं. पिवळं कडं, पांढरं पोट, त्यावर दिल्लीतली संसद आणि १९५२–२०१२ ही सालं. संसदेची पहिली बैठक १३ मे १९५२ ची. तिच्या साठीनिमित्त हे नाणं निघालं. त्यावरची १४४ खांबांची गोल इमारत १९२७ पासूनची. तिथेच संविधान सभा बसली. वणीचे लोकनायक बापूजी अणे त्या सभेत होते आणि पुढे नागपूरचे खासदार म्हणून लोकसभेतही.

अशा नाण्याला 'चालत नाही' म्हणायची वेळ का यावी? दहाच्या नाण्याचे चेहरेच फार. कुठे रुपयाचं चिन्ह आहे, कुठे नाही. कुठे दहा रेषा, कुठे पंधरा. त्यावरून खऱ्याखोट्याच्या अफवा उठल्या. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की तोवर निघालेले चौदाही प्रकार वैध आहेत. सालाखाली चौकट दिसली तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, तारा असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं.

२८ मे २०२३ ला नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं, तेव्हा ७५ रुपयांचं नाणं निघालं. व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम. निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूला संसद संकुल. इमारतीतलं सागवान नागपूरहून गेलेलं, म्हणजे विदर्भाचा वाटा तिथेही आहे. पण हे नाणं व्यवहारासाठी नाहीच. ते टांकसाळीकडून विकत घ्यायचं आणि डबीत जपायचं. मेथीच्या जुडीशी त्याची गाठ पडायची नाही.

बाईंना म्हटलं, "बघा, यावर संसद आहे. आपले बापूजी अणे इथेच बसायचे."

त्यांनी नाणं हातावर तोललं, पिशवीत टाकलं आणि बजावलं, "समोरच्यानं नाही घेतलं, तर तुमालेच वापस करीन."

पंचाहत्तरच्या नाण्याला ही धास्ती नाही. ते कुणाच्या हाती जायचंच नाही.