विजेचाही हिशेब

वांद्रे स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडले की समोर जामा मशीद लागते. रमजानमध्ये मगरिबची अजान होते, खजूर आणि पाण्याच्या घोटाने रोजा सुटतो, आणि भजी-समोशांच्या कढयांभोवती सगळ्या धर्मांची गर्दी जमते. त्याच वेळी स्टेशनाच्या पूर्वेला, बेहरामपाडा आणि शासकीय वसाहतीच्या पलीकडे, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती उजळलेल्या असतात. कर्मचारी घरी निघालेले असतात. दिवे आणि थंड हवा मात्र बऱ्याच मजल्यांवर चालूच राहतात.

रमजानचा या थंड हवेशी संबंध आहे. इस्लाममध्ये उधळपट्टीला ‘इस्राफ’ म्हणतात आणि पवित्र कुरआनने ती नापसंत ठरवली आहे. हदीसच्या परंपरेत एक प्रसंग सांगितला जातो. हजरत साद नमाजपूर्वीची वुजू करताना गरजेपेक्षा जास्त पाणी वापरत होते. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना हटकले. वुजूच्या पाण्यातही इस्राफ असतो का, असे साद यांनी विचारले. तेव्हा, वाहत्या नदीच्या काठी बसला असाल तरीही असतो, असे पैगंबरांनी त्यांना सांगितले. वस्तू मुबलक आहे, बिल भरायला पैसा आहे, म्हणून ती वाया घालवायचा हक्क मिळत नाही, हा त्याचा अर्थ. रोजाही हेच शिकवतो. समोर पाणी असते, तहान असते, तरी हात आवरायचा.

इमारतीच्या पोटात

मिठी नदीकाठच्या दलदलीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या या सुमारे ३७० हेक्टरच्या संकुलासाठी १९७७ साली एमएमआरडीएला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. आज तिथे बँका, हिरे बाजार, हॉटेले, शाळा आहेत आणि ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रोही आली आहे. अशा मोठ्या वातानुकूलित इमारतीच्या वीजबिलात निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या थंडाव्याचा असतो.

ही यंत्रणा साधारण अशी चालते. तळघरात किंवा गच्चीवर चिलर असतात. ते पाणी सुमारे ७ अंशांपर्यंत थंड करतात. पंप ते पाणी मजल्यामजल्यावर नेतात, तिथले मोठे पंखे त्यावरून हवा खेळवतात. माणसे, संगणक आणि काचेतून आलेले ऊन यांची उष्णता घेऊन पाणी परत येते, आणि ती उष्णता कूलिंग टॉवरमधून बाहेरच्या हवेत सोडली जाते.

वाया जाणारी वीज या साखळीत ठिकठिकाणी दडलेली असते. पंप आणि पंखे गरज नसताना पूर्ण वेगाने फिरतात. वेग कमी-जास्त करणारे उपकरण, म्हणजे व्हीएफडी, बसवून पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला, तर त्याला लागणारी वीज जवळजवळ निम्मी होते. कारण वेग थोडा उतरला तरी विजेची गरज त्याच्या घनाच्या प्रमाणात उतरते. दुसरी जागा तापमानाची. बाहेर घाम आणि आत शाल, हे दृश्य मुंबईच्या कार्यालयांत नवे नाही. एक अंश तापमान वाढवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे म्हणणे आहे. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून तारांकित घरगुती एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावेत, असा नियम झाला.

तिसरी जागा रात्रीची. इमारतीत कोणी नसताना, रात्री दोन वाजता मीटर किती वेगाने फिरतो, हे अनुभवी ऊर्जा लेखापरीक्षक आधी विचारतो. त्या एका आकड्यावरून इमारतीची शिस्त कळते.

आधी मोजणी

रमजानमध्ये अनेक मुस्लिम कुटुंबांत जकातीचा हिशेब मांडला जातो. सोने, बचत, धंद्यातला माल, येणे-देणे यांची यादी करून, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या संपत्तीचा अडीच टक्के हिस्सा गरजूंना दिला जातो. मोजल्याशिवाय जकात निघत नाही. विजेचेही तसेच आहे. बहुतेक मोठ्या इमारतींत बिल एक असते, पण चिलरला किती, लिफ्टला किती, कोणत्या मजल्याला किती, हे ठाऊक नसते. म्हणून ऊर्जा व्यवस्थापनाचे पहिले काम म्हणजे उपमीटर बसवणे. मग त्यांचे आकडे दर पंधरा मिनिटांनी संगणकावर येतात, आणि एखादा पंप रविवारीही चालू होता हे सोमवारी सकाळी कळते.

देशात यासाठी कायदा आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा. मोठ्या व्यावसायिक इमारतींसाठीची ऊर्जा संहिता २००७ साली आली. कार्यालयीन इमारतींना दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट लागतात, यावरून तारे देण्याची योजना २००९ साली सुरू झाली. २०११ साली आलेले आयएसओ ५०००१ हे आंतरराष्ट्रीय मानक तर सतत फिरणारे चक्र सांगते: ठरवा, करा, तपासा, सुधारा. सूफी परंपरेत दिवसाअखेर स्वतःच्या कर्मांची झडती घेण्याला ‘मुहासबा’ म्हणतात. इमारतीचा मुहासबा याहून फार वेगळा नाही.

तरीही तो होत नाही, कारण मोठ्या इमारतीत इस्राफ कोणाचाच नसतो. चिलर विकत घेतो विकासक, त्याला स्वस्त हवा असतो. बिल भरतो भाडेकरू, त्याला यंत्राला हात लावता येत नाही. यंत्र चालवतो कंत्राटदार, आणि त्याला मोबदला मिळतो ‘गरम होतंय’ अशी तक्रार येऊ न देण्याचा. तिघांपैकी कोणीही गुन्हेगार नाही, पण वाया गेलेल्या युनिटचा धनीही कोणी नाही. जे सर्वांचे असते आणि आपल्या ताब्यात दिलेले असते, त्याला इस्लाम ‘अमानत’ म्हणतो. तिचा जाब प्रत्येकाला स्वतंत्र द्यावा लागतो.

झळ कोणाला?

माहीमची खाडी ओलांडली की बेस्टची हद्द संपते. वांद्र्यापासून उपनगरात अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवरची वीज येते. उपनगरांना १९९५ पासून वीज देत आलेले डहाणूचे ५०० मेगावॅटचे केंद्र कोळशावर चालते. म्हणजे बीकेसीतल्या रिकाम्या मजल्यावरचा थंडावा डहाणूच्या हवेत धूर होऊन उतरू शकतो. आणि इमारतींनी बाहेर टाकलेली उष्णता आजूबाजूच्या वस्तीच्याच हवेत मिसळते.

याच इमारतींत रोजा ठेवून सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि चिलर चालवणारे ऑपरेटर काम करतात. त्यांतले कित्येक जण रात्री पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत परततात. तिथे पंख्याचा प्रत्येक युनिट बिलात मोजला जातो. संध्याकाळी कार्यालये, घरे आणि इफ्तारची स्वयंपाकघरे यांची मागणी एकाच वेळी चढते, आणि त्या तासांत मोठ्या ग्राहकांना वीज महाग पडते. त्यावर एक उपाय म्हणजे स्वस्त तासांत पाणी थंड करून किंवा बर्फ करून टाक्यांत साठवायचे आणि संध्याकाळी तो थंडावा वापरायचा. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. सगळे शहर एकाच तारेला बांधलेले आहे, हे त्या दिवशी दिसले.

प्रार्थनास्थळांची वाट

यात प्रार्थनास्थळांनी पाऊल टाकल्याची उदाहरणे आहेत. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीच्या छतावर ५०० हून अधिक सौर पॅनेल आहेत. २०२२ साली तिला जागतिक बँक समूहाच्या आयएफसीकडून ‘एज’ हे हरित इमारतीचे प्रमाणपत्र मिळाले आणि ते मिळवणारे ते जगातले पहिले प्रार्थनास्थळ ठरले. या मशिदीचे वास्तुविशारद फ्रेडरिक सिलाबान ख्रिस्ती होते. २०१९ साली उघडलेल्या इंग्लंडमधील केंब्रिजच्या मशिदीत वरून येणारा नैसर्गिक उजेड आणि उष्णता पंप यांवर भर आहे. आपल्याकडे शिर्डीच्या साई संस्थानाने २००९ साली सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून प्रसादालयात स्वयंपाक सुरू केला.

वांद्र्यातल्या मशिदी, चर्च आणि मंदिरांना एवढ्या मोठ्या खर्चाची गरज नाही. प्रार्थनेचे सभागृह दिवसातून काही वेळच भरते. पहिल्या दोन ओळींतच नमाजी असतील तर मागच्या ओळींचे पंखे बंद ठेवता येतील, अशी वायरिंग करणे स्वस्तात होते. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. जुमाची नमाज भर दुपारी असते, छतावरच्या सौर पॅनेलला तेव्हाच सर्वाधिक ऊन मिळते. वुजूच्या नळाची धार बारीक केली तर पाणीही वाचते आणि ते गच्चीवर चढवणाऱ्या पंपाची वीजही.

बीकेसीतल्या कंपन्या रमजानमध्ये इफ्तारच्या मेजवान्या देतात, आणि ही आपुलकी मोलाचीच आहे. तिच्या जोडीला आणखी एक गोष्ट करता येईल. इमारतीचा रात्री दोनचा आकडा दर आठवड्याला लिफ्टजवळ लावावा, आणि तो खाली आणणाऱ्या ऑपरेटरला वाचलेल्या रकमेतला वाटा द्यावा. यंत्राचा आवाज ऐकून त्याची नाडी ओळखणारा तोच असतो. त्याला आजवर थंड ठेवायला सांगितले गेले, जपून वापरायला कोणी सांगितले नाही. ईदचा चंद्र दिसेपर्यंत चार आठवडे मिळतात, आणि चार आठवड्यांचे आकडे समोर असले की पुढच्या अकरा महिन्यांचे काम कोणालाही दिसू लागते.