तहानलेलें ब्रेक ऑइल

सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर सायंकाळीं मोटारसायकलींची रीघ लागलेली असते, आणि दर दहा पावलांवर कोणाचा तरी हात ब्रेकवर जातो. ब्रेक दाबला कीं गाडी थांबणारच, असें आपण गृहीत धरतों. ही सारी खात्री पेलाभरही नसलेल्या एका द्रवावर अवलंबून असते. त्याच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

तबकडीच्या ब्रेकचें, म्हणजे डिस्क ब्रेकचें, तत्त्व सोपें आहे. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला तर तो सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हें फ्रान्समधील ब्लेझ पास्कल यानें सतराव्या शतकांत दाखवून दिलें. मुठीजवळचा दट्ट्या लहान आणि चाकाजवळचा मोठा असतो. मोठ्याचें क्षेत्रफळ लहानाच्या सहापट असेल तर बोटांचा जोरही तेथें सहापट होतो. मात्र मधला द्रव दाबानें आकुंचन पावतां कामा नये.

ह्या द्रवास आपण ब्रेक ऑइल म्हणतों. परंतु सामान्यतः वापरला जाणारा डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचा द्रव हें तेल नव्हे. पावसाळ्यांत बरणी उघडी राहिली तर मिठास पाणी सुटतें, तसाच हा द्रवही हवेंतील ओलावा शोषून घेतो. झाकण बंद असलें तरी रबरी नळ्यांवाटे तो ओलावा आंत झिरपत राहतो. डॉट ४ प्रतीचा कोरा द्रव २३० अंश सेल्सिअसच्या आंत उकळतां कामा नये, असें प्रमाण आहे, त्यांत ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते.

आतां मे महिन्यांत चिखलदऱ्याचा घाट दोघांना बसवून उतरत आहों, अशी कल्पना करा. ब्रेक सतत दाबल्यानें तबकडी तापते, ती उष्णता द्रवापर्यंत पोंचते आणि त्यांतील पाण्याची वाफ होते. द्रव दबत नाहीं, वाफ मात्र दबते. मूठ पोकळ लागते आणि गाडी पुढेंच जाते. खालीं येऊन सर्व निवलें कीं ब्रेक पुन्हां पूर्ववत् लागतो. म्हणून दोष ध्यानांत येत नाहीं. यास्तव दर दोन वर्षांनीं, किंवा गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलें असेल त्या मुदतीनें, हा द्रव बदलावा. द्रव काळपट झाला असल्यास मुदतीची वाटही पाहूं नये.

हें काम घरीं दोघांना करतां येतें. पावसाळा टाळून दिवाळीनंतरचा कोरडा दिवस निवडावा आणि नवा, सीलबंद डबाच आणावा. झाकणावर लिहिलेली प्रतच वापरावी. हा द्रव रंग खातो. म्हणून पेट्रोलच्या टाकीवर ओलें फडकें पसरावें. डब्बीचें झाकण पुसून उघडावें, जुना द्रव पिचकारीनें काढावा आणि नवा भरावा. चाकाजवळच्या निपलवर पारदर्शक नळी बसवून तिचें दुसरें टोंक बाटलींत थोड्या द्रवांत बुडवावें. एकानें मूठ दाबून धरावी. दुसऱ्यानें निपल पाव फेरा सैल करून द्रव येऊं द्यावा व लगेच आंवळावें. मगच मूठ सोडावी. हा क्रम चुकला तर हवा आंत शिरते. नळींतून स्वच्छ, बुडबुडे नसलेला द्रव येईपर्यंत असेंच करावें. डब्बींतील पातळी मात्र खालच्या रेषेखालीं कदापि जाऊं देऊं नये.

बहुतेक गाड्यांचा क्लच तारेवर चालतो. तेथें द्रव नसतोच. कांहीं मोठ्या गाड्यांत क्लचही द्रवावर चालतो. त्याची कृति बहुधा अशीच. परंतु कांहीं क्लचांत खनिज तेल असतें, आणि तेथें ब्रेकचा द्रव घातल्यास रबरी भाग नासतात. म्हणून झाकण वाचल्यावांचून हात लावूं नये.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सी. सी.हून मोठ्या नव्या मोटारसायकलींस ए. बी. एस. सक्तीचें झालें. त्या यंत्रणेंत हवा शिरल्यास ती काढण्यास कारखान्यांतील उपकरण लागूं शकतें; तेथें गाडी जाणत्या मिस्त्रीकडेच न्यावी.

शेवटीं मूठ जोरानें दाबून मिनिटभर धरावी. ती घट्ट राहिली, कोठें गळती दिसली नाहीं, तरच अंगणांत सावकाश गाडी चालवून ब्रेक पाहावा. मूठ मऊ लागली तर गाडी रस्त्यावर आणूं नये. काढलेला द्रव गटारांत न ओततां बाटलींत भरून गॅरेजमध्यें द्यावा. उरलेला नवा द्रव पुढील वर्षासाठीं जपून ठेवण्याचा मोह मात्र आवरावा. उघडलेल्या डब्यांत त्याची तहान तेव्हांपासूनच सुरू झालेली असते.