डोंगरावर घरासाठी जमीन घेताना

आपल्या व्यापारी समाजात अलीकडे एक नवी आवड रूढ होत चालली आहे. मुले पेढी सांभाळू लागली, की वडील मंडळींच्या मनात कोठे तरी थंड हवेत लहानसे घर बांधून राहावे असा विचार येतो. बेळगावकरांस तर सह्याद्री अगदी जवळ. एका बाजूस आंबोली, दुसऱ्या बाजूस जांबोटी व कणकुंबी, आणि त्यापुढे चोर्ल्याचा घाट. जमिनीचे दलाल नकाशे घेऊन पेढीवर येतात आणि गादीवर बसल्या बसल्या विसार दिला जातो. हा पैसा बहुधा आयुष्यभराच्या काटकसरीचा असतो. यास्तव या विषयाचा थोडा विस्ताराने विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

धान्याच्या बाजारात आपण नमुन्यावर सौदा करतो. मूठभर गहू तळहातावर पसरला, एखादा दाणा दाताखाली फोडला, की शंभर पोत्यांचा भाव ठरतो. माल नमुन्याबरहुकूम निघाला नाही, तर भावात कसर कापून घेता येते, क्वचित माल परतही करता येतो. डोंगरावरील जमिनीस असा नमुना नाही. मार्गशीर्षातील एखाद्या रविवारी कोवळ्या उन्हात जी जमीन आपण पाहतो, ती वर्षातील त्या एका दिवसाची जमीन असते. आषाढात ती वेगळी असते आणि वैशाखात त्याहून वेगळी. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की जमीन एकदा भर पावसात पाहावी, एकदा भर उन्हाळ्यात पाहावी, दोहोंच्या मध्ये तिचे दप्तर पाहावे, आणि मगच विसाराचा विषय काढावा. देखावा विकणाऱ्याने दाखविलेलाच असतो. घेणाऱ्याने उतार, पाणी, वाट आणि कागद या चार गोष्टी पाहावयाच्या आहेत.

उतार

बेळगाव शहरात वर्षाकाठी सुमारे १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीस तोच ७००० मिलिमीटरच्या आसपास जातो. एवढे पाणी चार महिन्यांत उतारावरून खाली धावते, आणि आपले घर त्याच्या वाटेत असेल तर ते घराला वळसा घालून जाईल अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

सह्याद्रीचा बराच मोठा भाग काळ्या अग्निजन्य खडकाच्या थरांचा बनलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा हा खडक. जेथे पाऊस फार, तेथे या खडकाचा वरचा भाग युगानुयुगे झिजून जांभा तयार झाला आहे. जांभ्याचे वरचे कवच कठीण असते, परंतु त्याच्या खाली पुष्कळ ठिकाणी मऊ चिकणमातीचा थर आढळतो. पावसाचे पाणी जांभ्याच्या छिद्रांतून उतरते, चिकणमातीवर अडते आणि डोंगराच्या कडेने झरा होऊन बाहेर पडते. अडलेले पाणी फार झाले, की वरचा भार त्या ओल्या थरावरून घसरू लागतो. म्हणजे ज्या झऱ्यासाठी आपण जमिनीवर लुब्ध होतो, तोच झरा धोक्याचीही सूचना देत असतो. झऱ्याच्या खाली अथवा अगदी वर घर बांधू नये. तो बाजूस ठेवावा.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी, ही तीन गावे दरडीखाली सापडली. माळीणमध्ये दीडशेहून अधिक माणसे गेली. तिन्ही घटना जुलैच्या उत्तरार्धातील आहेत, म्हणजे डोंगर पाणी पिऊन तृप्त झाल्यानंतरच्या. त्या बिचाऱ्यांस दुसरी जागा निवडण्याची सोय नव्हती. आपणांस ती आहे.

पाहणाऱ्यास डोंगर काही खुणा आपण होऊन दाखवितो. झाडांचे बुंधे तळाशी वाकलेले आणि वर सरळ झालेले असतील, विजेचे खांब एकाच बाजूस कललेले असतील, जमिनीत चंद्रकोरीच्या आकाराच्या भेगा असतील, दगडी बांध मध्येच फुगलेला असेल, किंवा नेहमी निवळ वाहणाऱ्या झऱ्यास गढूळ पाणी येऊ लागले असेल, तर ती जमीन सरकत आहे असे समजावे. उतारावर मध्येच लाभलेली सपाट जागा फार मोहक दिसते. ती पूर्वी कोसळलेल्या दरडीचा ढीगही असू शकते. हिमालयातील जोशीमठ अशाच जुन्या राडारोड्यावर वसले आहे. १९७६ साली सरकारी समितीने तसे लिहून बांधकामावर निर्बंध सुचविले होते. २०२३ च्या जानेवारीत तेथील शेकडो घरांना तडे गेले.

उतार मोजण्यास इंजिनियर येईपर्यंत थांबावयास नको. पाच हात लांबीची काठी समपातळीत धरावी आणि तिच्या बाहेरच्या टोकापासून ओळंबा सोडावा. जमीन एक हाताहून अधिक खाली लागली, तर उतार १ ला ५ याहून तीव्र आहे. महाराष्ट्राच्या नगररचनेच्या नियमांत सामान्यतः एवढ्या उतारावर बांधकामास मनाई आहे. गोव्यातही नगररचना कायद्याच्या १७अ कलमान्वये परवानगीवाचून डोंगर कापता येत नाही.

पुष्कळ लोक डोंगर कापून सपाटी करतात. असे केल्याने अर्धे घर कापलेल्या घट्ट जमिनीवर आणि अर्धे भरावाच्या भुसभुशीत मातीवर उभे राहते. भराव दोन-तीन पावसाळ्यांत खचतो आणि भिंत मधोमध फाटते. त्याहून श्रेयस्कर असे, की घरच उतारास धरून दोन पायऱ्यांत बांधावे. संरक्षक भिंत बांधावी लागलीच, तर तिला पाणी निघण्यासाठी भोके ठेवलीच पाहिजेत. अडविलेले पाणी भिंतीस ढकलून देते. शिवाय आपण तोडलेल्या कड्याची माती आणि आपण वळविलेले पाणी खालच्या वस्तीवर जाते, याचे भान असावे. आपल्या व्हरांड्यासाठी दुसऱ्याचे घर धोक्यात घालणे हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसणार नाही.

पाणी

जेथे पाऊस उदंड, तेथे पाणीही उदंड, असा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. माथ्यावर पडलेले पाणी काही तासांत खाली निघून जाते. मलप्रभेचा उगम कणकुंबीस आणि हिरण्यकेशीचा आंबोलीस. तरीही उगमाजवळच्या वाड्यांवर उन्हाळ्यात हंडे घेऊन चालणारी माणसे दिसतात. विहीर अगर झरा श्रावणात पाहून काहीच कळत नाही. तो वैशाखाच्या अखेरीस पाहावा, आणि त्यावर गावातील किती घरे पाणी भरतात तेही विचारावे. गावाचा झरा आपल्या हद्दीत आला म्हणून तो आपला होत नाही.

थोडा हिशेब मांडू. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांस ६७५ लिटर, आणि मार्च ते मे या तीन महिन्यांस सुमारे ६०,००० लिटर. केवळ पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी माणशी २० लिटर धरले, तर पाच माणसांस सहा महिन्यांसाठी १८,००० लिटर पुरते. आता १०० चौरस मीटरच्या छपरावर ५००० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५ लक्ष लिटर पाणी येते. त्याचा आठवा भाग साठविला तरी उन्हाळा निघतो. म्हणून घराच्या नकाशात प्रथम टाकी काढावी, मग दिवाणखाना. टाकीचा खर्च जमिनीच्या किमतीतच धरावा. पाणी गाळून पिण्याची आपल्याकडील रीत येथेही उपयोगी आहे. पहिल्या पावसाचे छपरावरील पाणी मात्र सोडून द्यावे.

शौचालयाचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगास कदापि नसावा, आणि खालच्या अंगासही ६० फुटांच्या आत नसावा. जांभा सच्छिद्र असतो. घाण दूरवर झिरपते. वरच्या शेजाऱ्याचा खड्डा कोठे आहे, हेही पाहून ठेवावे.

वाट

धान्याचा भाव माल पेढीवर येऊन पडेपर्यंतच्या खर्चासह धरावयाचा असतो, हे आपणांस सांगणे नको. जमिनीचेही तसेच. मोटार जेथे थांबते तेथून वीट, वाळू आणि सिमेंट डोक्यावरून न्यावे लागले, तर स्वस्त जमिनीवरील घर महाग पडते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न वाटेच्या हक्काचा. आज दलाल ज्या पायवाटेने नेतो, ती दुसऱ्याच्या शेतातून जाते काय? तो शेतकरी उद्या कुंपण घालील. वाट सरकारी नकाशात आहे काय, नसल्यास तिचा हक्क नोंदलेल्या दस्तात लिहून मिळतो काय, हे खरेदीपूर्वी ठरले पाहिजे. आणि ती वाट आषाढात ओढ्याच्या पलीकडे तर राहत नाही, हेही पाहावे. वृद्धापकाळी रात्री डॉक्टर लागतो. पूर उतरण्याची वाट पाहण्यास तेव्हा सवड नसते.

कागद

बेळगावच्या ग्राहकाची खरी अडचण ही, की तास-दोन तासांच्या अंतरात तीन राज्ये येतात आणि तिन्हींचे जमिनीचे कायदे भिन्न आहेत.

कर्नाटकात १९६१ च्या भूसुधारणा कायद्यातील ७९अ व ७९ब ही कलमे २०२० साली रद्द झाली. तेव्हापासून शेतकरी नसलेल्यासही शेतजमीन घेता येते. परंतु जमीन घेता आली म्हणून घर बांधता येते असे नव्हे; त्यासाठी बिगरशेती परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. खानापूर तालुक्यात २०११ पासून भीमगड अभयारण्य आहे. त्याची हद्द आपल्या जमिनीपासून किती दूर, याची वनखात्याकडे चौकशी करावी.

महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्याचे ६३ वे कलम लागू आहे. शेतकरी नसलेल्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेतली, तर तो व्यवहार बेकायदा ठरतो. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असेल, तर सरकारच्या परवानगीवाचून विक्री होत नाही. खाजगी वनांचा १९७५ चा कायदाही आहे. त्यान्वये ३० ऑगस्ट १९७५ रोजी खाजगी वने सरकारजमा झाली. म्हणून जुने फेरफार काढून 'वन' असा शेरा कोठे आहे काय ते पाहावे. आंबोली, चौकुळ व गेळे येथील कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न संस्थानी काळापासूनचा आहे. अशा जमिनीत एका माणसाची सही पुरत नाही.

गोव्यात सातबाराऐवजी नमुना १ व १४ पाहावा लागतो आणि बांधकामास रूपांतराची सनद लागते. तेथील दिवाणी कायद्याप्रमाणे विवाहित विक्रेत्याच्या पत्नीची अथवा पतीची संमती आवश्यक असते. वडिलोपार्जित मालमत्ता असेल तर सर्व वारसांची वाटणी झाली आहे काय, हे पाहिल्याविना पुढे जाऊ नये. कोमुनिदादीची जमीन कोणा एका गावकऱ्यास विकता येत नाही. भातशेतीच्या जमिनीचे हस्तांतर शेतकऱ्याखेरीज इतरांस करण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध घातले आहेत.

पश्चिम घाटातील संवेदनक्षेत्राचा सहावा मसुदा केंद्र सरकारने ३१ जुलै २०२४ रोजी प्रसिद्ध केला. त्यातील बांधकामावरील निर्बंध २०,००० चौरस मीटर व त्यावरील प्रकल्पांसाठी आहेत. एकट्यादुकट्या घरास त्यात मनाई नाही. परंतु आपला भूखंड ज्या मोठ्या वसाहतीत आहे, ती वसाहत त्यात अडकत नाही ना, हे विचारावे.

एका गोष्टीविषयी विशेष सावध राहावे. पुष्कळ ठिकाणी मोठ्या सर्व्हे नंबरातील पाच-दहा गुंठे 'अविभक्त हिस्सा' म्हणून विकले जातात. कागदावर नाव लागते, परंतु आपले दहा गुंठे नेमके कोणते, हे कोणीच सांगू शकत नाही. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी अशी जागा घेऊन जोते घातले. मोजणी मागविली, तेव्हा अन्य हिस्सेदारांनी हरकत घेतली आणि ते जोते आजही गवतात तसेच पडले आहे. सरकारी मोजणी होऊन चारही कोपऱ्यांवर दगड बसल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये.

बांधकाम

याविषयी थोडक्यात. पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते. त्या अंगास खिडक्या कमी व पागोळी लांब असावी. कड्याच्या अगदी पश्चिम टोकावरची जागा सर्वांत महाग असते आणि वारा-पाऊसही तीच सर्वांत अधिक सोसते. थोडे पूर्वेस सरकले, की पाऊस झपाट्याने उतरतो. महाबळेश्वरापासून पाचगणी २० किलोमीटरच्या आत असून तेथील पाऊस निम्म्याहूनही कमी आहे. छप्पर उतरते असावे आणि त्यावर वीजवाहक असावा. गावातील जुनी घरे कोणत्या तोंडाची व कोणत्या जागी आहेत ते पाहावे. त्या माणसांनी जागा पिढ्यान्‌पिढ्या पारखलेली असते.

आणखी दोन गोष्टी सांगून लेख पुरा करतो. पेढीचे खेळते भांडवल या कामी काढू नये. डोंगरावरील जमीन लवकर विकली जात नाही, आणि गरज पडेल त्या दिवशी तर मुळीच नाही. ज्यांस वर्षभर थांबवत नाही, त्यांनी त्याच गावात एखादे घर भाड्याने घेऊन आषाढाचा एक महिना सपत्नीक तेथे राहावे. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरते, वीज चार-चार दिवस येत नाही, भाजीसाठी घाट उतरावा लागतो. एवढे अनुभवूनही दोघांचे मन तेथे रमले, तर जमीन अवश्य घ्यावी. न रमले, तर एका महिन्याच्या भाड्यात मोठी रक्कम वाचली असे समजून सुखाने बेळगावास परतावे.