आधी पोहे, मग नरकासुर

दिवाळीच्या पहाटे पोहे का, असं विचारलं की सहसा दोन उत्तरं मिळतात. कृष्णाने नरकासुर मारला म्हणून, किंवा सुदाम्याने पोहे नेले म्हणून. दोन्ही तपासली की लटपटतात. सुदाम्याची कथा भागवताच्या दहाव्या स्कंधात आहे, पण तिला दिवाळीच्या तिथीशी देणंघेणं नाही. आणि नरकासुराच्या वधात पोहे कुठेच येत नाहीत. कारण शोधायचं तर पोथीआधी खाचरात शोधावं. ठाणे जिल्ह्यापासून गोव्यापर्यंतचा पट्टा भाताचा. त्यातलं हळवं भात दसरा-दिवाळीच्या सुमारास हाती येतं, गरवं मागाहून. हे पहिलं भात भरडायचं तर कडकडीत वाळावं लागतं, आणि नव्या तांदळाचा भात गिचका होतो. पोह्यांचं उलट आहे. त्यांना ओलावाच हवा. भात भिजवायचं, निथळायचं, खापरात भाजायचं आणि गरम असतानाच उखळात कांडायचं. मुसळाखाली दाणा फुटत नाही, चपटा होतो, मग सुपात पाखडून तूस उडवायचं. सगळी झोडणी उरकायची वाट पाहायला नको, दोन पायली भात पुरतं. पीक घरात येतंय आणि ते लगेच खाता येतंय, हे दोन्ही साधणारा पदार्थ पोहेच.

यावर शास्त्राचा आधार दाखवला जाईल, आणि तो आहेही. नवं धान्य देवाला दिल्याशिवाय खाऊ नये म्हणून सूत्रग्रंथांनी आग्रयण सांगितलं, त्यात शरदात तांदूळ आणि वसंतात जव. पण हे वेळापत्रक पिकाचंच आहे. शास्त्राने शेताकडे बघून नियम केला. कोकणात आश्विनात दारावर ‘नवं’ बांधतात, त्यात भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान आणि कुरडूचं फूल असतं. तिकडे वसई-उत्तनचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरात ‘आगेरा’ करतात, तेव्हा लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. देव वेगळे, प्रार्थना वेगळ्या, भात तेच.

अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या टर्कीचीही गत हीच. १६२१च्या शरदात प्लिमथ इथे सुमारे पन्नास इंग्रज वसाहतकरी आणि प्रमुख मॅसॅसॉइटसह नव्वदेक स्थानिक वाम्पानोआग तीन दिवस एकत्र जेवले. वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात शिकार केलेले पक्षी आहेत, वाम्पानोआगांनी आणलेली पाच हरणं आहेत. टर्कीचं नाव नाही. त्या हंगामात रानटर्की भरपूर होत्या, असं वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने लिहिलं, पण त्या जेवणाबद्दल नव्हे. या जेवणावर ‘पहिलं थँक्सगिव्हिंग’ अशी चिठ्ठी चिकटली ती १८४१मध्ये, अलेक्झांडर यंगच्या पुस्तकात. त्याआधी, १८२७मध्येच, सेरा जोसेफा हेल यांनी ‘नॉर्थवुड’ कादंबरीत या सणाच्या टेबलावर भाजलेली टर्की मानाने मांडली होती. पुढे त्यांनीच राष्ट्रीय सणाचा पाठपुरावा वर्षानुवर्षं केला, आणि १८६३मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकनने घोषणा केली. टर्कीच का, याचं उत्तर मात्र गोठ्यात आणि खुराड्यात सापडतं. गाय दूध देते, कोंबडी अंडी देते, त्यांना मारणं परवडत नाही. टर्की वसंतात जन्मते, नोव्हेंबरपर्यंत भरते आणि एकीत अख्खं घर जेवतं. (हा पक्षी आपल्याकडे परका नाही. १६१२मध्ये मुकर्रबखान या सरदाराने तो गोव्याहून जहांगीरच्या दरबारात नेला आणि उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं. दरबाराला तो बघण्यापुरता हवा होता.)

खरा आक्षेप पुढचा आहे. ठाणे जिल्ह्यातल्याच भिवंडीत, धामणकर नाक्यावर, आज खाचर कुठे आहे? आजूबाजूला यंत्रमाग, तेलंगणातून आणि उत्तर प्रदेशातून आलेली विणकर घरं, तालुक्यात काल्हेर, दापोडे, पूर्णा भागात जिथे भात पिकत होतं तिथे गोदामं. पोहे बारा महिने वाण्याकडे मिळतात आणि रोजच्या न्याहारीला होतात. पीकच नाही तर पिकाचं कारण कशाला सांगायचं? माझं म्हणणं असं की सुरुवातीचं कारण आणि टिकण्याचं कारण ही दोन वेगळी असतात. कोजागरीलाही पूर्वी पोहेच होते. धर्मनिबंधांनी त्या रात्री पोहे आणि नारळ सांगितले आहेत. तिथे आता आटीव मसाला दूध आलं, कारण सण गच्चीवर गेला आणि चांदणं बघायला दूध बरं. नरकचतुर्दशीचे पोहे सिंधुदुर्गात आणि गोव्यात टिकले, कारण तिथे अभ्यंग आणि कारीट फोडणं झालं की एकमेकांकडे पोहे खायला जायचं असतं. गुळाचे, दुधातले, ताकातले, फोडणीचे, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. घरोघरी एकेक बशी. बोलावणं आहे तोवर ते वाण्याच्या पिशवीतल्या पोह्यांवरही भागतं. अमेरिकेतही बर्फात गोठवलेली टर्की विकत आणतात, आणि विमानं भरून माणसं आईवडिलांकडे जातात. १९३९मध्ये रूझवेल्टने नाताळची खरेदी लांबावी म्हणून सण आठवडाभर अलीकडे ओढला, तेव्हा निम्म्या राज्यांनी एका तारखेला जेवण केलं, उरलेल्यांनी दुसऱ्या, आणि १९४१मध्ये काँग्रेसला कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरवावा लागला. भांडण तारखेचं झालं. टर्कीवरून कोणी भांडलं नाही.